भिंतीचा वाटा

वायरमन जुन्या घरात शिरला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. चपला दारात काढायच्या, मान वर करायची, तुळईवरून गेलेली वायर बघायची आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "हे कुणी केलंय?" ज्यानं केलं तो मेलेला असो नाहीतर गाव सोडून गेलेला असो, विचारायचंच. आधीच्याचं काम वाईट ठरलं की आपला भाव जरा वर सरकतो. एकदा वैरागला एका घरात मी असंच तोंड वाकडं केलं, तर मालक म्हणाला, "तुमीच की. थोरल्याच्या लग्नात." मी म्हणालो, "तरीच एवढं टिकलं," आणि चहा मागितला.

सोलापुरात मी उभा जन्म हेच काम केलं. शाळा सातवीला सुटली. मी सोडली का तिनं मला सोडलं, ह्यावर माझा आणि बापाचा शेवटपर्यंत वाद होता. पण वायरीला शाळा लागत नाही. नव्या घराला तर काहीच लागत नाही. पॉइंट मोजायचे, म्हणजे किती दिवे, किती पंखे, किती बटणं. एका पॉइंटचा दर बाजारात ठरलेला असतो. गुणाकार करायचा, झालं.

जुन्या घराचं तसं नाही. पांढऱ्या मातीची हातभर जाड भिंत, कुठं आत दगड, कुठं नुसता भुसा. वर माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं धाबं. एक भोक पाडायला सकाळ जाते आणि ते पलीकडं कुणाच्या देवघरात निघेल ते देवालाच माहीत. पॉइंटच्या दरानं असल्या घराचा भाव सांगणारा वायरमन वर्षाच्या आत यंत्रमागावर कामाला लागतो. मी बघितलेत असले.

मी लागलो नाही, कारण भाव मी सांगत नव्हतो. भाव माझी बायको सांगायची.

तिनं त्यातलं एकही घर बघितलेलं नसायचं. संध्याकाळी मी घर बघून यायचो, ती भाकरी थापत असायची, मी पाटावर बसायचो आणि तिची उलटतपासणी सुरू व्हायची. पॉइंट किती हे तिनं कधीही विचारलं नाही.

"भिंत कसली?"

"मातीची."

"पोपडे धरलेत?"

"खालच्या अंगाला."

"भाऊ किती?"

"दोघं. घर एक, चुली दोन."

"मग बोर्ड दोनदा हलणार. एक म्हणंल हितं लावा, दुसरा म्हणंल तितं. तेवढं धरा. मालकीण काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमाला बरं वाटंल तसं करा."

तिचा हात पिठातच थांबायचा. "अगं बया. मग लई धरा. असं म्हणणारीला काईच बरं वाटत न्हाय."

चहात साखर कमी होती म्हटलं तर ती थोडं वाढवायची. मालकाची म्हातारी आई घरात असली तर कमी करायची, कारण म्हातारी दिवसभर मिस्त्रीपाशी बसून राहते आणि इतरांना बोलू देत नाही. आणि मालक "घरचंच काम समजा" असं म्हणाला हे सांगितलं, की ती म्हणायची, "मग घरचंच समजा अन् घरात बसा. जाऊ नगा तितं." दोनदा मी तिचं न ऐकता गेलो. काय झालं ते इथं लिहीत नाही, ती वर बसून हसेल.

भाकरी तव्यावर उलटली की भाव यायचा. एक आकडा, गोल नाही काही नाही, जणू भाकरीच्या पोटावर लिहिलेला होता. आकडे मी इथं घालणार नाही. घातले तर उद्या कुणीतरी हे घेऊन येईल आणि त्याच दरात करून द्या म्हणेल. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तो आकडा सांगायचो. त्यामुळं बाजारात माझं नावच पडलं, "उद्या सांगतो". इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरलो की काउंटरमागून आवाज यायचा, "आले का उद्या सांगतो?"

तर भिंतीचा वाटा.

मंद्रूपकडं एका शेतकऱ्याच्या घरी काम होतं. लग्न तोंडावर आलेलं, मालक डोक्यावर उभा. मी मधल्या भिंतीला पहार लावली. दोन हातांची जाडी, तीन हात गेली तरी पलीकडं काही निघेना. मी आणखी जोर लावला आणि पहार एकदम सुटली. बाहेर ओढली तर भोकातून ज्वारी यायला लागली. नळ सोडल्यासारखी. मी हातानं दाबलं, ती बोटांतून यायला लागली. मालकानं टोपी लावली, टोपी भरली. तेव्हा त्याच्या चुलत्याला आठवलं की त्या भिंतीत बळद आहे. बळद म्हणजे दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवून केलेली धान्याची कोठी. वरनं भरायची, खालनं काढायची. कुणाच्या तरी आजोबानं ती लिंपून टाकली आणि सगळे विसरले. ज्वारी म्हणायचं आपलं, किडे आणि भुकटीच जास्त होती. वऱ्हाडाच्या खोलीत गुडघाभर ढीग झाला, कोंबड्या आल्या, शेजारच्या कोंबड्या आल्या. मालक माझ्याकडं बघून म्हणाला, "मिस्त्री, मी लाइट सांगितली होती." दिवसभर मी झाडत होतो.

घरी आलो तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. बायकोनं दार उघडलं, बघितलं आणि उंबऱ्यावरच बसली हसायला. हसता हसता तिला उचकी लागली. मी पाणी आणून दिलं, वर मलाच म्हणाली, "कानातली काढा, पेरून टाकू." मग उचकी थांबल्यावर गंभीर होऊन बोलली.

"आता इथनं पुढं जुन्या घराचा भाव सांगताना भिंतीचा वाटा धरायचा. भिंत काय गिळून बसलीय ते तुमाला म्हाईत न्हाय, मालकाला म्हाईत न्हाय. तिचा वाटा आदीच बाजूला काढायचा. तिनं खाल्ला तर खाल्ला."

"अन् न्हाय खाल्ला तर?"

"परत द्यायचा. भिंतीनं घेतलं न्हाय ते आपून कसं घ्यायचं?"

मला हे अजिबात पटलं नाही. ठरलेला पैसा परत देणारा मिस्त्री कुणी ऐकलाय का? पण ती ऐकेना. भिंत सरळ निघाली की काम संपल्यावर मी जायचो आणि दात ओठ खात म्हणायचो, "हे घ्या, भिंतीचं." लोकांना वाटायचं माझं डोकं फिरलं. मग त्यांनीच शेजाऱ्याला सांगायचं आणि शेजाऱ्यानं मला बोलवायचं. अशानं कामं येत राहिली.

गेल्या साली उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, घरी आणली ती तशीच. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. एवढंच सांगतो, की तिच्याबरोबर भावही गेला.

नंतर मी स्वतःच्या अकलेनं दोन घरं बघितली. एकाला असा भाव सांगितला की मालकानं विचारलं, वायर चोरीची आहे का. दुसरं मोहोळचं. तिथं मी भलताच मोठा आकडा सांगितला तेव्हा मालकानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "काका, बरं वाटत न्हाय का? घरी कुणाला फोन लावू?" त्यानंतर मी हत्यारांची पेटी कोपऱ्यात ठेवली. गुडघेही म्हणालेच होते, बास.

आता खरी गोष्ट इथनं सुरू होते. माझ्या स्वतःच्या घराची वायरिंग.

घर तीन खोल्यांचं, मातीच्या भिंतीचं. वायर लाकडी पट्टीवर, मी तरणा असताना माझ्याच हातानं मारलेली. काम चांगलं होतं, मी केलं म्हणून नाही सांगत. पण वायरीवरचं रबर म्हणजे माणसाची कातडी, म्हातारपणी सुटतेच. वर्षश्राद्धाला मुलगी पुण्याहून आली होती. स्वयंपाकघरात दिवा लावायला गेली आणि बोर्डातून ठिणगी उडाली. लहानशीच, पण तिनं ओरडून पाहुणे गोळा केले.

संध्याकाळी पाहुणे गेले तशी ती बाजारात जाऊन आली आणि भिंतीतल्या देवळीत एक नवीन कुलूप ठेवलं. चांगलं मोठं, पितळी.

"आप्पा, दिवाळीच्या आत सगळी वायरिंग नवीन करून घ्या. नाहीतर हे कुलूप दाराला लावायचं आणि माझ्याकडं यायचं. मला रोज झोप लागत नाही तिकडं."

"मी करतो की. माझाच धंदा हाय."

"तुम्ही शिडीवर पाय ठेवायचा नाही. आईची शपथ घालीन."

आई गेलेली, तरी शपथ तिचीच. पुणं वाईट नाही. मुलगी जीव लावते, जावई कमी बोलतो, आणखी काय पाहिजे. पण तिथं भिंती सिमेंटच्या आहेत आणि त्यातल्या एकीलाही माझी बायको टेकून बसलेली नाही. मला हे घर सोडायचं नव्हतं. म्हणजे दिवाळीच्या आत कुणीतरी येऊन ह्या घराचा भाव सांगायला पाहिजे होता, आणि मला तो पटायला पाहिजे होता.

आधी मी स्वतःच करून बघितला. पाटावर बसलो, गॅसकडं तोंड करून. सवयीनं म्हणालोसुद्धा, "भिंत मातीची." पुढं कुणी विचारलं नाही. गॅस बंद होता. तीनदा हिशेब केला, तीनही वेळेला आकडा वेगळा आला.

मग एक वायरमन बोलावला, नवीन, गाडीवर फिरणारा. तो दारातूनच म्हणाला, "काका, हे पाडून टाका. स्लॅब टाका. मग मला बोलवा." मी म्हणालो, "तुला आदी पाडतो." तो गेला. दुसरा आला त्यानं खोल्यांचे फोटो काढले, पॉइंट मोजले, पॉइंटचा दर सांगितला. भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. "मातीची हाय," मी म्हणालो. "चालतंय की काका, ड्रिल मशीन हाय." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. त्याच्या घरी बायको नसावी, किंवा असून तिला विचारत नसावा.

दसरा झाला. कुलूप देवळीत तसंच, रोज पुसल्यासारखं चमकत होतं.

उरला एकच. पलीकडच्या पेठेतला, माझा वैरी. वैरी म्हणजे धंद्यातला. त्याच्या घरात सगळे विणकर, तेलुगू बोलणारे. ह्यानं एकट्यानं माग सोडून पेटी उचलली. जन्मभर आम्ही एकमेकांची कामं पळवली. त्याचं काम बघून मी तोंड वाकडं केलं, माझं बघून त्यानं. जुन्या भिंतीचं काम सोलापुरात आता त्याच्याशिवाय कुणी मनापासून करत नव्हतं, हे मला माहीत होतं. फोन उचलायला मात्र जड गेलं.

तो आला. दारात चपला काढल्या, मान वर केली. मी वाटच बघत होतो.

"हे कुणी केलंय बे?"

"तुझ्या सासऱ्यानं."

"तरीच. त्याला बी काई येत नव्हतं."

मग त्यानं पिशवीतून मोठा पेचकस काढला, उलटा धरला आणि मुठीनं भिंत ठोकत निघाला. ठोकायचं, कान लावायचा, पुढं सरकायचं. तीनही खोल्या त्यानं तशा ऐकल्या. मी मागनं हिंडत होतो, नवरीच्या बापासारखा. चहा केला. एक घोट घेऊन त्यानं पेला खाली ठेवला.

"साखर किती घातलास?"

"अंदाजानं."

"हं. वदिनाचा अंदाज बरा व्हता." त्यांच्यात वहिनीला वदिना म्हणतात. असं म्हणून त्यानं तो चहा संपवला, म्हणजे दुःख झालं असणार.

मग त्यानं आकडा सांगितला. आणि मी जन्मभर ज्या गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या, ती सगळी माझ्या तोंडातून बोलायला लागली.

"एवढं? तीन तर खोल्या हायेत."

"चवथी बांध, स्वस्तात करतो."

"जुनी वायर वापरता येती की थोडी."

"व्हय. कपडे वाळत घाल तिच्यावर."

"सामान मी आणून दिलं तर?"

"मग काम बी तूच कर. मी बघत बसतो, चहा नको फक्त."

"अरे पण आपण घरचेच..."

"घरचंच समज म्हणालास तर उठतो बघ!"

तो बरोबर बोलला होता. मग मी दुसऱ्या बाजूनं शिरलो.

"भिंतीचा वाटा धरलास?"

"धरला."

"काढ तो. माझ्या भिंतीत काय हाय ते मला म्हाईत हाय. सगळी भोकं मीच पाडलीत."

"तुला म्हाईत हाय. मला कुटं म्हाईत हाय? भोकं आता मी पाडणार."

हे तर आमच्या घरातलं बोलणं होतं. "भिंतीचा वाटा तू कुटं शिकलास बे?" मी विचारलं.

"तुझ्याकडनं न्हाय. वदिनाकडनं."

"ती तुला कवा भेटली?"

"भेटायला कशाला पायजे? तुझा भाव त्याच सांगत व्हत्या की. सगळ्या बाजाराला म्हाईत हाय. घर बघताना तू येड्यासारखं बोलणार, अन् दुसऱ्या दिवशी येऊन शहाण्यासारखं. माणूस रात्रीत एवढा शहाणा होत न्हाय बे."

मी हसलो. काय करणार? जन्मभर मला वाटत होतं हे गुपित आहे.

तो चहाच्या रिकाम्या पेल्याकडं बघत पुढं म्हणाला, "ते मोहोळचं घर. तू सांगितलेला भाव माझ्या कानावर आला. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, मिस्त्रीच्या घरात आता बोलायला कुणी राहिलं न्हाय."

मग तो उठला, कारण त्याला असलं जमत नाही, मलाही नाही.

"ठरलं मग," तो म्हणाला. "बोर्ड सगळे वर घेणार. हे असले कमरेला लावलेत कुणासाठी? कोंबड्यांसाठी?"

"बोर्ड हायेत तितंच राहणार."

"न्हाय राहणार."

"राहणार."

"अरे, तुला नात हाय. धरून उभी राहती. दिवाळीत येणार अन् प्लगपिनाच्या भोकात बोट घालणार. मी न्हाय लावत. माझ्या हातनं असलं काम होणार न्हाय." त्यानं पेचकस पिशवीत टाकला आणि चपलेत एक पाय घातला.

नातीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो खरं बोलत होता, म्हणून मला जास्त राग आला. पण तो गेला तर मागं फक्त देवळीतलं कुलूप राहत होतं. म्हणून मग मी त्याला सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंही नव्हतं.

लग्नानंतर ह्या घरात लाइट घेतली तेव्हा बोर्ड मी सगळीकडं लावतात तसेच लावणार होतो, डोळ्यांच्या उंचीला. बायको बुटकी. डोळ्यांच्या म्हणजे माझ्या डोळ्यांच्या. ती भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठाचे. म्हणाली, "अंधार पडल्यावर मी काय करू? हात धू, बटण दाब, परत पिठात घाल?" मग ती उठली, भिंतीपाशी उभी राहिली आणि कोपर भिंतीला लावलं. "हितं लावा. कोपरानं दाबीन." मी गेरूनं तिथं रेघ मारली आणि बोर्ड बसवला. बाकीच्या खोल्यांत तरी वर लावतो म्हणालो, तर मला म्हणाली, "का? तिकडं दुसरी बायको आणणार हाय का?" म्हणून सगळे बोर्ड त्याच उंचीला. शेवटपर्यंत तिनं ह्या घरातला दिवा बोटानं लावलेला मला आठवत नाही.

त्यानं ऐकून घेतलं. एका पायात चप्पल, तसाच लंगडत स्वयंपाकघरात गेला. उंच माणूस, वाकला, कोपर बोर्डाला लावलं. खट्. दिवा लागला. खट्. विझला. परत लावला.

"लागतंय," तो म्हणाला.

"लागायचंच."

बराच वेळ तो भिंत ठोकत राहिला. मग बोलला ते स्वतःशीच बोलल्यासारखं. "बटणं खाली. पिना वर, वेगळ्या बोर्डात, पोरीच्या हाताला लागायच्या न्हायत. अन् मेनला गळतीचा स्विच टाकू, जरा कुटं गळती झाली की शॉक बसायच्या आदीच खाली पडतो."

"म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन झिऱ्या मारायच्या." झिरी म्हणजे पाइप आत घालायला भिंतीत मारलेली खाच.

"व्हय. मातीची भिंत. भाव वाढतोय." आणि त्यानं वाढलेला आकडा सांगितला.

"बरं," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. "घासाघीस?"

"न्हाय."

"आजारी हायस का? पोरीला फोन लावू?"

काम सुरू झालं ते मी पाटावर बसून बघितलं. शिडीला हात लावला नाही, तोंड मात्र चालू ठेवलं. "झिरी तिरकी चाललीय." "तुझी मान तिरकी हाय." असं दिवसभर. भिंतीनं काही गिळलेलं नव्हतं. एका ठिकाणी दगड आला, एका ठिकाणी मुंग्या, बास. स्वयंपाकघरातला जुना लाकडी बोर्ड त्यानं उपसला तेव्हा मागं चौकोनभर पहिला रंग निघाला, निळा, जो आम्ही विसरलो होतो. आणि त्यात आडवी, बोटभर, गेरूची रेघ. त्यानं काही बोलावं अशी माझी इच्छा नव्हती, आणि त्यालाही ते कळलं. बटणांची नवीन पेटी त्यानं त्या रेघेवर बसवली, पातळी लावून बघितली, परत बघितली. बाकीच्या बोर्डांना त्यानं पातळी एकेकदाच लावली होती.

शेवटच्या दिवशी त्यानं पैसे मोजून घेतले आणि त्यातले काही माझ्या पुढ्यात ठेवले.

"भिंतीचं. अर्धं."

"अर्धं कसं? ती सगळं परत द्यायची."

"वदिना देवमाणूस व्हत्या. मी वायरमन हाय." चपला घालता घालता त्यानं एकदा मान वर केली, आपलंच काम बघितलं. "कुणी विचारलं हे कुणी केलंय, तर माझं नाव सांगू नगं. असले खालचे बोर्ड बघून लोक हसतील."

दिवाळीला मुलगी आली. आल्या आल्या पोरीला माझ्या मांडीत टाकून घरभर फिरली, प्रत्येक बटण दाबलं. गळतीचा स्विच मी तिला पाडून दाखवला. पिनांचे बोर्ड वर बघून तिचा जीव खाली आला.

"पण आप्पा, बटणं एवढी खाली? नवीन करून पण? वाकून वाकून कंबर जाईल माझी."

"तू कवातरी येती. वाक की."

ती पुटपुटत राहिली. पुण्याचं मात्र काही बोलली नाही. देवळीतलं कुलूप तिनं हातात घेतलं, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "हे मीटरच्या पेटीला लावून टाका. उगाच पडून आहे." मी लगेच लावलं, तिचं मन बदलायच्या आत.

संध्याकाळी ती भाकरी करायला बसली. आईच्या पाटावर. ज्वारीचं पीठ, हात कोपरापासून खाली पांढरे. मी दारात नातीला घेऊन उभा होतो. बोलत बोलत अंधारून आलं. ती कुठल्या तरी शेजारणीबद्दल सांगत होती, ती काय म्हणाली आणि ही काय म्हणाली. थापता थापता अर्धी उठली, मागं न बघता कोपर भिंतीकडं नेलं. खट्. दिवा लागला. गोष्ट तोडली नाही, बसली आणि पुढची भाकरी हातात घेतली.

मी तसाच उभा. जरा वेळानं तिचं लक्ष गेलं.

"काय झालं आप्पा? असं काय बघताय?"

"तव्यावरची करपतीय," मी म्हणालो.

करपतच होती.